माइटनरबाईंची गोष्ट ओंडक्यापासून सांगा : विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळांमधून विज्ञान शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांस,
सादर नमस्कार.

विषय : भौतिकज्ञ लिझे माइटनर यांची गोष्ट मुलांना कुठून सांगावी, याबाबत विनंती.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या भाचीनं विज्ञान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत लिझे माइटनर यांच्यावर भाषण केलं आणि पहिला नंबर पटकावला. घरच्यांनी व्हिडिओ पाठवला. पोरगी बोलते छान. आवाजातले चढउतार, योग्य जागी थांबणं, सगळं बसवून घेतलेलं दिसत होतं. चार मिनिटांत ‘उपेक्षित’ तीनदा आलं, ‘वंचित’ दोनदा, आणि नोबेल न मिळाल्याचं सांगताना तिनं मूठ आवळली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मी फोन करून कौतुक केलं आणि सहज विचारलं, “पण या बाईंनी केलं काय गं?”

ती जरा थांबली. म्हणाली, “मावशी, अन्याय सहन केला ना.”

हे पत्र त्या उत्तरापायी. दोष तिचा नाही, आणि भाषण लिहून देणाऱ्या तिच्या बाईंचाही नाही. काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मी स्वतः हीच गोष्ट सांगितली होती, अशीच, हुकलेल्या नोबेलपासून सुरू करून. लोक हळहळले, मग चहा-वडे आले. कुणीही मला विचारलं नाही की बाईंनी नेमकं काय केलं, आणि विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. ते मला कळलं एका मोटारप्रवासात. म्हणून त्या प्रवासाबद्दल आधी लिहिते.

आम्ही म्युनिचजवळ राहतो. जुलै २०२३ मध्ये मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि भारतातून आलेले माझे बाबा असे चौघं माइटनरबाईंच्या आयुष्याच्या वाटेनं गाडी काढून निघालो. व्हिएन्ना, बर्लिन, नेदरलँड्सची सीमा, कोपनहेगन आणि स्वीडनमधलं कुंगेल्व. जाऊन-येऊन चार हजार किलोमीटरच्या वर. बाबा तुमच्याच पंक्तीतले. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. ‘अणुविखंडनाचा शोध : ओटो हान, १९३८’ हे त्यांनी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल याचा हिशेब नाही. त्यातल्या एका वर्गात मीही होते.

निघण्याआधी त्यांना म्युनिचच्या डॉइचेस म्युझियममधलं एक टेबल दाखवलं. लाकडी टेबल, त्यावर बॅटऱ्या, मोजणीची यंत्रं, काचेची भांडी, मेणाचा एक गोल ठोकळा. विखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्रक दुभंगण्याचा, शोध लागला तो याच सामानावर. कित्येक दशकं या टेबलापाशी पाटी होती ती ‘ओटो हान यांचं कामाचं टेबल’ अशी. पुढं माइटनर आणि हान यांचे सहकारी रसायनज्ञ फ्रिट्झ स्ट्रासमान यांची नावं आली. गंमत म्हणजे प्रत्यक्षात हे सामान एका टेबलावर कधी नव्हतंच. न्यूट्रॉनचा मारा करायचा एका खोलीत, रसायनं वेगळी करायची दुसऱ्या, मोजायचं तिसऱ्या. तीन खोल्यांचा संसार संग्रहालयानं एका टेबलावर मांडला. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मोजायची यंत्रं तर भौतिकवाल्यांची दिसतात.” जुना मास्तर, पाटीआधी उपकरण वाचतो.

पहिला थांबा साल्झबुर्ग. माइटनरबाईंच्या चरित्रात या गावाचं नाव ओझरतं येतं, पण माझं मत विचाराल तर गोष्टीचा पहिला खुंटा इथं ठोकलेला आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये इथं शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. आइनस्टाइन आणि माइटनर, दोघंही तीस वर्षांचे. त्यानं भाषण केलं, तिनं ऐकलं. ऊर्जेला वस्तुमान असतं, प्रकाशकिरणालाही ते मानावं लागतं, हे त्या भाषणात तिच्या कानावर पडलं. पंचावन्न वर्षांनंतर तिनं लिहिलंय की ते इतकं नवं आणि चकित करणारं होतं की ते भाषण तिच्या चांगलं लक्षात राहिलं. हे जरा बाजूला ठेवा. पुढं लागणार आहे.

व्हिएन्नात आम्ही दीड दिवस होतो आणि त्यातला बराच वेळ पार्किंग शोधण्यात गेला. लिओपोल्डश्टाट भागात आजच्या हाइनेस्ट्रासेवर २७ क्रमांकाच्या घरात त्या १८७८ मध्ये जन्मल्या. वडील वकील, आठ भावंडं. मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपायची. पुढं विद्यापीठाचं दार उघडलं तेव्हा आठ वर्षांचा अभ्यास त्यांनी साधारण दोन वर्षांत रेटला. धाकटी भावंडं चिडवायची की लिझे, तू पुस्तक न उघडता खोलीतून चाललीस, आता नापास होणार! १९०१ मध्ये चौदा मुली परीक्षेला बसल्या, चार पास झाल्या, त्यातली ही एक. भौतिकज्ञ बोल्ट्झमान यांच्या हाताखाली शिकली, १९०६ मध्ये डॉक्टरेट. विद्यापीठाच्या कमानींच्या चौकात दीडशेच्या वर विद्वान पुरुषांचे पुतळे आहेत. माइटनर आणि आणखी सहा जणींची स्मारकं तिथं आली ती २०१६ मध्ये. माझी मुलगी पुतळे मोजायला लागली आणि नवऱ्याला पार्किंगचं मीटर आठवलं.

बर्लिनला मात्र ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिलो.

१९०७ मध्ये त्या इथं भौतिकज्ञ प्लांक यांची व्याख्यानं ऐकायला आल्या. वर्ष-दोन वर्षं राहू म्हणून आल्या आणि एकतीस वर्षं राहिल्या. ओटो हान हे त्यांच्याच वयाचे रसायनज्ञ, त्यांना किरणोत्सारावर काम करायला भौतिकीचं माणूस हवं होतं. अडचण एवढीच की हेसिश स्ट्रासेवरच्या त्या रसायनसंस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. संस्थाप्रमुख एमिल फिशर यांनी तोड काढली : तळघरातल्या सुताराच्या खोलीत काम करा, तिला बाहेरून वेगळं दार आहे, वर मात्र यायचं नाही. त्या तळघरात स्वच्छतागृह नव्हतं. बाई त्यासाठी रस्त्यापलीकडच्या एका खाणावळीत जायच्या.

हे मी त्या इमारतीसमोर उभी राहून बाबांना सांगत होते, आणि बाबांनी हळूच विचारलं, “इथं जवळपास सोय आहे का कुठं?” वय चौऱ्याहत्तर, सकाळपासून दोन कप चहा. कोपऱ्यावरच्या कॅफेत गेलो तर काउंटरवरच्या पोरानं सांगितलं, आधी काहीतरी घ्या. मग आम्ही चार कॉफ्या घेतल्या, ज्या कुणालाच नको होत्या. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “दीड-दोन वर्षं रोज असं?” हो, रोज. १९०८ मध्ये प्रशियात मुलींना रीतसर विद्यापीठ प्रवेश मिळाला, त्यानंतर फिशर यांनी दार उघडलं आणि संस्थेत बायकांसाठी सोय झाली.

हा प्रसंग मुलांना जरूर सांगा, त्यांना तो पक्का लक्षात राहतो. आपल्याकडे १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या हटून बसल्या, तो प्रसंगही याच्या शेजारी ठेवता येईल. पण हे सांगून झालं की त्या तळघरात काय चाललं होतं तेही सांगा. नाहीतर पोरांच्या डोक्यात उरतं ते फक्त स्वच्छतागृह.

दुसऱ्या दिवशी डालेमला गेलो. हा बर्लिनचा झाडीचा, शांत भाग. १९१२ मध्ये कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेची नवी इमारत इथं झाली, टीलआलेवर, ६३ क्रमांक. कोपऱ्याला गोल बुरूज, त्यावर शिपायाच्या टोकदार शिरस्त्राणासारखं छत. आरंभी माइटनरबाई इथं बिनपगारी पाहुण्या होत्या. पुढं भौतिकी विभाग त्यांच्याकडे आला, १९२६ मध्ये त्या जर्मनीतल्या भौतिकीच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. त्याच्या चार वर्षं आधी विश्वरचनेतल्या, म्हणजे ‘कॉस्मिक’ प्रक्रियांवर त्यांनी विद्यापीठात जाहीर व्याख्यान दिलं तर एका वर्तमानपत्रानं ‘कॉस्मेटिक’ असं छापलं! बाई बोलणार म्हणजे पावडर-लालीवरच. आज ही इमारत फ्री विद्यापीठाकडे आहे. १९५६ पासून तिचं नाव ‘ओटो हान भवन’ होतं; २०१० पासून ‘हान-माइटनर भवन’ झालं.

आणि इथून पाच-सात मिनिटं चाललं की इनेस्ट्रासेवर दुसरी एक इमारत लागते, २२ क्रमांकाची. ती पाहायचा हट्ट बाबांचा. तिथं कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्राचं केंद्र होतं आणि १९२८ ते १९३० या काळात आपल्या इरावतीबाई कर्वे तिथं माणसाच्या कवट्या मोजत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस, पुढं नाझींना जवळचा. वंशानुसार कवटीच्या दोन्ही बाजूंत फरक पडतो, या त्याच्या मताला इरावतीबाईंच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. पंचविशीही न गाठलेली पुण्याची सून, परक्या देशात, गाइडच्या मताविरुद्ध! बाबा त्या दारासमोर चप्पल काढायच्या बेतात होते, मी थांबवलं. एका गल्लीत एक बाई अणूचं केंद्रक मोजतेय, शेजारच्या गल्लीत एक मराठी बाई कवट्या मोजतेय, त्याच वर्षांत. यावर एक अख्खा तास घेता येईल तुम्हाला.

आता १९३४ ते १९३८ या चार वर्षांबद्दल. भाषणांमधून ही वर्षं नेमकी गळतात. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर युरेनियमहून जड नवी मूलद्रव्यं तयार होतील, असा रोममधल्या भौतिकज्ञ फर्मी यांचा कयास होता. हे काम बर्लिनला करायचं, हा आग्रह माइटनरबाईंचा. हान यांचा हात त्यांनी जवळजवळ ओढून यात घातला, मग स्ट्रासमान आले. चार वर्षं तिघं नवी नवी मूलद्रव्यं सापडल्याचं लिहीत राहिले, आणि ते सगळं चुकीचं होतं. केंद्रक फुटतही असेल असं इडा नोडाक या रसायनज्ञ बाईंनी १९३४ मध्येच लिहून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही, माइटनरबाईंनीही नाही. हेही मुलांना सांगा, आडपडदा न ठेवता. जगातली उत्तम माणसं चार वर्षं चुकत होती, आणि ती चूक शेवटी दुरुस्त केली ती आणखी काटेकोर मोजून. आपल्या प्रयोगवहीत मात्र निरीक्षण चुकलं की पोरं खोडरबर शोधतात.

मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. माइटनरबाई ज्यू घराण्यातल्या. तोवर ऑस्ट्रियाचं नागरिकत्व त्यांची ढाल होतं, ते एका रात्रीत गेलं आणि पासपोर्टची रद्दी झाली. देश सोडायला परवानगी मिळेना. १२ जुलैला त्या रात्री आठपर्यंत संस्थेत बसून एका तरुण सहकाऱ्याचा लेख तपासत होत्या, कुणाला संशय नको म्हणून. मग दीड तासात दोन लहान बॅगा भरल्या. हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी दिली, वेळ पडली तर विकता यावी म्हणून. पाकिटात दहा मार्क. दुसऱ्या दिवशी गाडीत डच भौतिकज्ञ डिर्क कोस्टर बसलेले होते. सीमेवरच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी आधी बोलून ठेवलं होतं. स्टेशनच्या वाटेवर बाईंचा धीर सुटला, परत फिरू म्हणाल्या. परत फिरल्या नाहीत.

त्यांच्या रेल्वेनं जावं असं आमच्या मनात होतं, पण लेअरहून नेदरलँड्सकडे जाणाऱ्या मार्गावरचा एम्स नदीचा पूल डिसेंबर २०१५ मध्ये जहाज धडकून मोडला होता आणि आम्ही गेलो तेव्हाही गाड्या बंदच होत्या. म्हणून मोटारनंच गेलो. बाबांनी म्युनिचपासून पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, सेफ्टी पिन लावून ठेवलेला. व्हिसासाठी बँकेची पासबुकं, घराचा उतारा, माझं निमंत्रणपत्र, सगळं देऊन तीन आठवडे वाट पाहिलेला माणूस तो. नेदरलँड्स लागलं तेव्हा फोनवर डच कंपनीचा मेसेज आला, बाकी काही नाही. रस्त्याकडेला निळी पाटी, त्यावर पिवळ्या चांदण्या. बाबांनी विचारलं, “सीमा कुठाय?” म्हटलं, “गेली मागं.” त्यांनी पिन काढली, पासपोर्ट हातात घेतला, पुन्हा आत ठेवला, पिन लावली.

न्यूशान्स हे सीमेवरचं लहानसं स्टेशन; आता गावाला बाट न्यूशान्स म्हणतात, गरम पाण्याची आंघोळ करायला लोक येतात. तिथं आम्ही मेथीचे पराठे खाल्ले आणि कुणी फारसं बोललं नाही. ग्रोनिंगेनला पोचल्यावर कोस्टर यांना पाउली या भौतिकज्ञानं तार केली होती : हाफ्नियमच्या शोधानं तुम्ही जेवढे प्रसिद्ध झालात तेवढेच आता लिझे माइटनरना पळवून आणल्यानं झाला आहात. हाफ्नियम हे मूलद्रव्य शोधणाऱ्या दोघांतले कोस्टर एक. शास्त्रज्ञांचे विनोद असेच, आवर्त सारणीला धरून.

तिथून स्टॉकहोम. जागा मिळाली पण ना साधनं, ना माणसं, ना आपुलकी. साठाव्या वर्षी बाई नव्यानं पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारख्या. १३ नोव्हेंबरला कोपनहेगनमध्ये हान आणि त्या भेटल्या, आणि ही भेट जर्मनीत कुणाला कळू द्यायची नव्हती. हान सांगत होते की युरेनियमच्या माऱ्यातून रेडियम मिळतंय. बाईंना ते पटेना. पुन्हा तपासा, कसून तपासा, असं त्यांनी बजावलं. हान परत गेले, स्ट्रासमाननी आणि त्यांनी तपासलं, आणि रेडियम म्हणून जे धरलं होतं ते निघालं बेरियम. युरेनियमच्या जवळपास अर्ध्या वजनाचं! १९ डिसेंबरला हान यांनी बाईंना पत्र लिहिलं की तुम्हाला याचा काही उलगडा होतो का पाहा.

आम्ही कुंगेल्वला पोचलो ते भर जुलैत. गोथेनबर्गच्या उत्तरेला नदीकाठी हे गाव, डोक्यावर बोहुसचा जुना किल्ला. नाताळला माइटनरबाई इथं एका स्वीडिश मैत्रिणीकडे आल्या होत्या. त्यांचा भाचा ओटो फ्रिश कोपनहेगनहून आला. हा थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे मावशी-भाचाच. त्याचे वडील तेव्हा नाझींच्या छळछावणीत होते. भाच्याला स्वतःच्या नव्या प्रयोगाबद्दल बोलायचं होतं. मावशीनं हातात हान यांचं पत्र दिलं. तो म्हणाला, चुकलं असेल काहीतरी. मावशी म्हणाली, हान अशी चूक करणाऱ्यातले नाहीत. दोघं बर्फात फिरायला निघाले, तो पायाला स्की बांधून, ती नुसती चालत; मला जमेल बरोबरीनं, म्हणाली आणि जमवलंही. वाटेत एका झाडाच्या ओंडक्यावर बसले, खिशातले कागदाचे कपटे काढले.

तो ओंडका अर्थातच आता नाही, आणि कुठला ते कुणी सांगूही शकणार नाही. आम्ही किल्ल्यापलीकडच्या झाडीत आपला एक ओंडका गाठला. बर्फाच्या जागी डास होते, भरपूर. बाबांनी पुलाच्या टोलची पावती उलटी केली, मुलीला पेन दिलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, “लिही.”

युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन. बेरियममध्ये ५६. राहिले किती? छत्तीस. छत्तीस म्हणजे क्रिप्टॉन. ही वजाबाकी दुसरीतल्या पोरालाही येते. पण केंद्रकाचे असे दोन तुकडे होतात कसे? तोवर सगळ्यांच्या डोक्यात केंद्रक म्हणजे दगड; फार तर कपचा उडेल. कोपनहेगनचे भौतिकज्ञ बोर यांनी ते पाण्याच्या थेंबासारखं असतं असं सुचवलं होतं. मावशी-भाच्यानं तोच थेंब धरला. अळूच्या पानावरचा टपोरा थेंब आठवा. त्याला गोल ठेवतो तो पृष्ठताण. पण युरेनियमच्या थेंबात ९२ धन प्रभार एकमेकांना ढकलत असतात, त्यामुळे तो ताण जवळजवळ नाहीसा झालेला. जरासा धक्का, एका न्यूट्रॉनचा, की थेंब लांबतो, मध्ये कंबर बारीक होते आणि दोन थेंब होतात. अळूचं पान आणि पाणी, उपकरण म्हणून एवढंच पुरे. पावसाळ्यात कुठल्याही शाळेच्या मोरीमागं मिळेल.

आता ते दोन तुकडे एकमेकांना किती जोरानं ढकलतील? बाबांनी सूत्र सांगितलं, मुलीनं केलं : १.४४ गुणिले ५६ गुणिले ३६, भागिले दोन केंद्रकांमधलं अंतर. ते १४-१५ फेम्टोमीटर (केंद्रकं मोजायचं अतिसूक्ष्म माप) धरलं तर उत्तर येतं सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). कोळशाचा एक अणू जळताना चारेक इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. फ्रिश यांनी म्हटलंय की एका केंद्रकाच्या एवढ्या ऊर्जेनं वाळूचा कण डोळ्यांना दिसेल इतपत उडेल. एक केंद्रक, आणि वाळूचा कण!

मग ही ऊर्जा आली कुठून? इथं साल्झबुर्ग. केंद्रकांची वस्तुमानं काढायचं सूत्र मावशीला तोंडपाठ होतं. ओंडक्यावर बसून तिनं हिशेब केला की दोन तुकड्यांचं मिळून वस्तुमान मूळ केंद्रकाहून एका प्रोटॉनच्या साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी भरतं. जे वस्तुमान गेलं त्याची ऊर्जा किती? एकोणतीस वर्षांपूर्वी ऐकलेलं भाषण. पाचवा हिस्सा गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग : पुन्हा सुमारे २०० दशलक्ष.

दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा. माझी मुलगी, जिला या सहलीत पहिल्यापासून कंटाळा आलेला, ती पावतीकडे बघत म्हणाली, “जुळलं की!” बाबा काही बोलले नाहीत. चश्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “आम्हाला हे कुणी असं शिकवलंच नाही. शिकवलं असतं तर मी पण असंच शिकवलं असतं.”

तर गुरुजनहो, माझी विनंती एवढीच आहे. ही गोष्ट इथून सुरू करा.

पुढचं सगळं त्यानंतर सांगता येतं. फ्रिश यांनी बोर यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, किती मूर्ख होतो आपण सगळे! कोपनहेगन-स्टॉकहोम ट्रंककॉलवर मावशी-भाच्यानं लेख लिहिला आणि ११ फेब्रुवारी १९३९ च्या ‘नेचर’मध्ये तो आला. पेशी दुभंगते तिला काय म्हणतात, हे फ्रिश यांनी एका जीवशास्त्रज्ञाला विचारलं आणि तोच शब्द, ‘फिशन’, केंद्रकाला दिला. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना, जाहीर झालं नोव्हेंबर १९४५ मध्ये. माइटनरबाईंची शिफारस आयुष्यभरात चाळीसहून अधिक वेळा झाली, मिळालं कधीच नाही. स्ट्रासमान यांनाही नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. त्या माणसानं तर युद्धात एका ज्यू बाईला आपल्या घरात लपवून ठेवलं होतं. यावर गाडीत आमचं भांडणही झालं. मी हान यांना बरंच बोलले. बाबा म्हणाले, “बेरियम ओळखणं खेळ नव्हता. त्यांच्या रसायनाशिवाय बाईंनी ओंडक्यावर काय मोजलं असतं?” ते खरं आहे. आणि युद्धानंतर हान बाईंचा वाटा कमी कमी करून सांगत गेले, हेही खरं आहे. दोन्ही मुलांना पेलतं.

अणुबॉम्बच्या कामाचं बोलावणं १९४३ मध्ये आलं, तेव्हा बॉम्बशी आपल्याला काही कर्तव्य नाही असं बाईंनी स्पष्ट कळवलं. तरी हिरोशिमानंतर वर्तमानपत्रांनी ‘बॉम्बची आई’ हा शिक्का मारलाच. १९६६ चा फर्मी पुरस्कार हान, स्ट्रासमान आणि माइटनर अशा तिघांना मिळाला.

स्टॉकहोम आमचं राहिलं. सुट्टी संपली आणि बाबांचे गुडघेही. इंग्लंडचा तुकडा पुढच्या ईस्टरला मी आणि मुलीनं दोघींनी केला, भाड्याची गाडी, उलट्या बाजूचं स्टिअरिंग. केंब्रिजला त्या १९६८ मध्ये वारल्या, नव्वदीच्या उंबरठ्यावर. दफन मात्र हॅम्पशरमधल्या ब्रॅमशॉट या खेड्यात, धाकटा भाऊ वाल्टर जिथं होता तिथं. चर्चच्या आवारात साधा दगड आहे. ‘माणुसकी कधीही न गमावलेली भौतिकज्ञ’, अशा अर्थाची ओळ त्यावर आहे, भाच्यानं लिहिलेली. मुलीनं त्या दगडापाशी खिशातून ती टोलची पावती काढली. तेव्हापासून तिनं ती जपून ठेवली होती, हे मला तिथं कळलं. ठेवायला म्हणून काढली, मग वारा बघून परत खिशात घातली.

भाचीला मी आता अळूचं पान आणून थेंब पाहायला सांगितलंय. पुढच्या फेब्रुवारीत तिला पुन्हा याच विषयावर बोलायचंय. मूठ आवळायची की नाही ते तिच्या बाई ठरवतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका विज्ञान शिक्षकाची मुलगी

ता. क. : शेवटच्या गणितात बाबा ९३८ ला पाचनं भागा म्हणतात आणि मुलगी ९३१ ला. उत्तरं १८७.६ आणि १८६.२ येतात. एक आकडा प्रोटॉनच्या वस्तुमानाचा, दुसरा अणुवस्तुमान एककाचा, दोन्ही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. वर्गात कुठला घ्यायचा ते आपण ठरवावं. बाबांना मात्र कळवू नये.